विरी नसलेले पीठ : मधुमेह्याच्या भाकरीचा इतिहास

ज्वारी दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते. हा शब्द शहरी मराठीतून हळूहळू नाहीसा होत चालला आहे, म्हणून त्याचा अर्थ आरंभीच सांगितलेला बरा. विरी म्हणजे पिठाच्या अंगचा तो चिकटपणा, ज्याच्या आधाराने भाकरी थापता येते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी परातीतच कडांना चिरते आणि उचलून तव्यावर टाकताना तुटते. अशा वेळी जाणत्या बायका आधणाचे पाणी घालून पीठ मळतात. उकळत्या पाण्याने ज्वारीतील पिष्टाचा काही भाग शिजून चिकट होतो आणि भाकरी एकसंध राहते.

आमच्या आत्याबाईंना मधुमेह होऊन आता बरीच वर्षे झाली. घरातील तरुण मंडळींनी मध्यंतरी त्यांच्यासाठी बदामाच्या पिठाची भाकरी करण्याचा घाट घातला. पीठ परातीत घेतले, कोमट पाणी घातले, नंतर आधणाचेही घालून पाहिले. गोळा काही होईना. शेवटी त्यात इसबगोल मिसळून आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून जे काही झाले ते तव्यावर भाजून त्यांच्या ताटात वाढण्यात आले. आत्याबाईंनी ते निमूटपणे खाल्ले आणि म्हणाल्या, ‘‘अरे, चव चांगली आहे. पण ह्याला विरीच नाही. बिस्किट म्हणून दे, खाईन. भाकरी म्हणू नकोस.’’

त्यांच्या ह्या अभिप्रायाने आम्हांला एका जुन्या प्रश्नाच्या शोधात पाठवले. पीठ ह्या मराठी शब्दाचे मूळ संस्कृत ‘पिष्ट’ ह्या शब्दात आहे. पिष्ट म्हणजे दळलेले, वाटलेले. आधुनिक मराठी शास्त्रीय परिभाषेने हाच शब्द स्टार्च ह्या पदार्थासाठी निवडला. म्हणजे आपल्या भाषेत पीठ आणि पिष्ट ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, आणि ‘पिष्ट नसलेले पीठ’ ही शब्दयोजना मुळातच स्वतःशी भांडणारी आहे. तथापि गेली पावणेदोनशे वर्षे वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि पाववाले नेमके हेच घडवू पाहत आहेत. त्यांना असे का करावेसे वाटले, त्यात कितपत यश आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ह्या लेखात पाहण्याचा विचार आहे.

पीठ बदलायचे आणि पदार्थाचा घाट तोच ठेवायचा, ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. उपवासाच्या दिवशी धान्य वर्ज्य असते; म्हणून आपण राजगिऱ्याची पुरी करतो, शिंगाड्याच्या पिठाचे थालीपीठ लावतो, वरीचा भात करतो आणि त्यावर दाण्याची आमटी घेतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ह्याच व्यवहाराकडे बोट दाखवते. येथे धर्माचा निषेध विशिष्ट धान्यांना आहे, पिष्टाला नाही. साबुदाण्यात तर शंभर ग्रॅममागे पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात, म्हणजे ज्वारीपेक्षाही अधिक. तेव्हा उपवासाचे पीठ आणि मधुमेह्याचे पीठ ह्यांची गल्लत करून चालणार नाही. मात्र दोहोंच्या मुळाशी माणसाचा एकच स्वभाव आहे. अन्नाचे द्रव्य सोडायला तो एक वेळ तयार होतो. अन्नाचा आकार, ते खाण्याची रीत आणि त्याचे नाव सोडायला तो सहसा तयार होत नाही.

मधुमेहाच्या पथ्यात पिठाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णासाठी यव, म्हणजे जव, हे मुख्य अन्न सांगितले आहे. त्याचा भात, त्याचे सातू, त्याचे अपूप असे नाना प्रकार तेथे येतात. गाढव, घोडा, गाय इत्यादी प्राण्यांच्या पोटातून बाहेर पडलेले जव वापरावेत, असाही एक विधी त्यात आहे. आजच्या वाचकाला येथे मोह होतो तो असा की, प्राण्याच्या पचनात धान्यातील पिष्ट कमी होते हे प्राचीनांना ठाऊक होते, असे सांगून मोकळे व्हावे. आमच्या मते हा मोह आवरला पाहिजे. त्या ग्रंथाची भाषा कफ, मेद आणि रूक्ष गुण ह्यांची आहे, कर्बोदकांची नव्हे. आणि जवात पिष्ट भरपूर असतेच. फार तर एवढे म्हणता येईल की, त्यातील विशिष्ट तंतूंमुळे जवाने रक्तातील साखर गव्हातांदळाच्या मानाने सावकाश चढते, हे आज मोजून सिद्ध झाले आहे. नवे धान्य, दही, गुळाचे पदार्थ आणि बैठ्या सुखाची आवड ही प्रमेहाची कारणे चरकाने एका ओळीत बसवली आहेत, ही गोष्ट मात्र कोणत्याही काळाच्या वाचकाला थांबवणारी आहे.

सुश्रुतसंहितेत आणखी एक तपशील आढळतो, आणि तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. तेथे रुग्णाच्या सांपत्तिक स्थितीनुसार उपचार वेगळे सांगितले आहेत. निर्धन रुग्णाने पादत्राणे व छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, गायींच्या मागे फिरावे किंवा विहीर खणावी, असा तेथील उपदेश आहे. पथ्य हे ज्याच्या त्याच्या ऐपतीचे असते, हे त्या ग्रंथकाराने लपवले नाही. पुढे येणाऱ्या बदामाच्या कथेत हा मुद्दा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

युरोपात ह्या रोगाचे स्वरूप रसायनशास्त्राच्या वाटेने उलगडत गेले. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन ह्या इंग्रज वैद्याने मधुमेह्याच्या मूत्रात साखर असते हे दाखवून दिले. वीस वर्षांनी जॉन रोलो हा ब्रिटिश तोफखान्याचा शल्यवैद्य कॅप्टन मेरेडिथ नावाच्या अधिकाऱ्यावर उपचार करू लागला, आणि १७९७ साली त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. वनस्पतिजन्य अन्नातून शरीरात साखर तयार होते, म्हणून रुग्णाला प्राणिज अन्न द्यावे, हा त्याचा सिद्धांत. त्याने नेमून दिलेल्या आहारात दूध व चुन्याची निवळी, रक्त आणि चरबी ह्यांचे पुडिंग, फार दिवस ठेवलेले मांस, खवट झालेली डुकराची चरबी असे पदार्थ होते. वाचतानाच अंगावर काटा यावा अशी ती यादी आहे. परंतु त्या पहिल्या यादीत न्याहारीच्या ओळीत दुधाबरोबर पाव आणि लोणीही आहे. वनस्पतिजन्य अन्नावर बहिष्कार घालणाऱ्या वैद्यानेही आरंभी पावाला हात लावला नव्हता. ही विसंगती होती की रुग्णावरची दया, हे सांगणे कठीण. पण पाव काढून घेणे ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, हे ती ओळ न बोलता सांगते.

पुढच्या पिढीतील वैद्यांनी पावही काढून घेतला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले की रुग्ण सर्व काही सहन करतो, पण पावावाचून राहत नाही. तो चोरून खातो. अपॉलिनेर बुशार्दा ह्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाचे मोठेपण असे की, त्याने ह्या चोरीचा विचार रुग्णाच्या अपराधाच्या अंगाने न करता पावाच्या अंगाने केला. पॅरिसच्या ओतेल-दिय ह्या रुग्णालयात तो औषधविभाग सांभाळत असे. १८४० च्या दशकाच्या आरंभी त्याने ग्लुटेनचा पाव पुढे आणला. गव्हाची कणीक पाण्याखाली धुत राहिले की पिष्ट पांढऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि हातात रबरासारखा एक गोळा उरतो. तो ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिन. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या घरांत ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो. बुशार्दाने चीक टाकला आणि त्या चोथ्यातील चिवट भागाचा पाव भाजला.

हा पाव चिवट होता, आणि पिष्ट पूर्णपणे जात नसे ते नसेच. पण तो पाव होता. टेबलावर तो इतरांच्या पावाशेजारी ठेवता येत असे. बुशार्दाच्या पद्धतीत पिठाबरोबरच श्रमालाही स्थान होते. एका रुग्णाला त्याने आपली भाकरी घाम गाळून मिळवावी असे सांगितल्याची कथा वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचा दुष्काळ पडला, आणि त्या उपासमारीत आपल्या काही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे त्याने नोंदवले. विहीर खणायला सांगणारा सुश्रुत आणि घाम गाळायला सांगणारा बुशार्दा ह्यांच्यात ऐतिहासिक धागा कोणताही नाही. मात्र दोघांनीही रोगाकडे ताट आणि श्रम ह्या दोन बाजूंनी एकदमच पाहिले, ह्याची नोंद घेतली पाहिजे.

इंग्लंडात दोन निराळे प्रयोग झाले. पहिला जॉन कॅम्पलिन ह्या वैद्याचा. त्याला स्वतःलाच मधुमेह होता. त्याने गव्हाचा कोंडा अनेकदा धुऊन, वाळवून, खास चक्कीत बारीक दळून घेतला आणि अंडी, लोणी व दूध घालून त्याचे केक केले. स्वतः रुग्ण असलेल्या वैद्याने लिहिलेली ही कृती सूचनांच्या बारकाव्याने भरलेली आहे. कोंडा नीट धुतला नाही तर पिष्ट राहते, नीट दळला नाही तर आतड्यांना टोचतो. दुसऱ्यासाठी पथ्य लिहिणारा आणि स्वतःच्या न्याहारीसाठी पथ्य लिहिणारा ह्यांच्या गद्यात फरक पडतो. पाककृतीकडे वाङ्मय म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाला हा फरक विचार करायला लावील.

दुसरा प्रयोग फ्रेडरिक विल्यम पेव्ही ह्याचा, आणि बदामाचा खरा प्रवेश येथे होतो. पेव्ही लंडनच्या गायज रुग्णालयात होता. तरुणपणी पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार ह्या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने काम केले होते. १८६२ साली मधुमेहावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्लुटेनच्या पावाने रुग्ण कंटाळतात, कोंड्याने त्यांचे पोट बिघडते, हे पाहून त्याने निराळ्याच दिशेने विचार केला. धान्यातून पिष्ट काढत बसण्यापेक्षा ज्यात ते जवळपास नाहीच असे बी का घेऊ नये? गोड्या बदामात प्रथिने आणि तेल भरपूर, थोडी साखर, आणि पिष्ट नाममात्र. ती थोडी साखरही पेव्हीला नको होती. म्हणून किंचित आम्ल घातलेल्या उकळत्या पाण्याने बदामाच्या पिठातील साखर काढून टाकावी आणि उरलेल्या पिठात अंडी घालून बिस्किटे भाजावी, अशी त्याची कृती होती.

अंडी का घालावी लागली, हे आता वेगळे सांगायला नको. गव्हाला ग्लुटेन धरून ठेवते. ज्वारीला शिजलेले पिष्ट धरून ठेवते. बदामात ह्यांपैकी काहीच नाही. जे रोग्याला नको तेच भाकरीला हवे, हा ह्या सगळ्या इतिहासातील पेच आहे. आणि आमच्या आत्याबाईंनी परातीकडे पाहून एका शब्दात जो सांगितला तो पेचही हाच. पेव्हीनेही आपल्या पदार्थाला बिस्किटाचे रूप दिले. त्या बिस्किटांचा दोष मात्र निराळा होता. ती महाग होती. बदाम इंग्लंडात आयात होत असे आणि ज्याला रोज पावाऐवजी बदाम परवडेल असा रुग्ण वरच्या वर्गातलाच असणार. रुग्णालयाच्या सार्वजनिक कक्षात पडलेल्या मजुराने काय खावे, ह्या प्रश्नाला बदामाने उत्तर दिले नाही. सुश्रुताने जी गोष्ट उघड लिहिली होती ती येथे बिलाच्या रकमेत दडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या पिठांची रीतसर बाजारपेठ उभी राहिली. सोयाबीनमध्ये प्रथिने विपुल आणि पिष्ट अत्यल्प असल्याचे समजल्यावर फ्रान्समध्ये सोयाचा पाव मधुमेह्यांसाठी सुचवला जाऊ लागला. पुढे १९०८-०९ च्या सुमारास ली युयिंग ह्या चिनी गृहस्थांनी पॅरिसजवळ कारखाना काढून सोयाचे दूध, पीठ इत्यादी पदार्थ तयार करायला आरंभ केला. डब्यांवर ‘मधुमेह्यांसाठी’ असा शिक्का मारलेली पिठे युरोप-अमेरिकेत विकली जाऊ लागली. आणि बाजार आला की भेसळही आली, किंवा भेसळीचे सभ्य रूप असलेला शब्दच्छलही आला. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्राने अशा पिठांचे रासायनिक पृथक्करण हाती घेतले. त्याच्या १९१३ च्या अहवालातून दिसले की ‘ग्लुटेन पीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात साध्या गव्हाच्या पिठाच्या जवळपास जाईल इतके पिष्ट होते. रुग्ण दुप्पट-तिप्पट दाम देऊन तेच खात होता, जे सोडल्याचे समाधान त्याने विकत घेतले होते. डब्यावरचा शब्द आणि डब्यातील वस्तू ह्यांच्यातील अंतर मोजणारे ते कोष्टक आम्हांला समीक्षेचाच एक उत्तम नमुना वाटते.

त्याच सुमारास जर्मन वैद्य कार्ल फॉन नोर्डेन ह्यांनी ओटचा उपचार पुढे आणून सर्वांना बुचकळ्यात टाकले. काही रुग्णांना काही दिवस भरपूर ओट दिले असता मूत्रातील साखर वाढण्याऐवजी कमी होते, असे त्यांनी दाखवले. पिष्ट हेच विष, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांना हा धक्का होता. सर्व कर्बोदके सारखी नसतात, धान्यातील तंतूंचे प्रमाण आणि धान्य किती बारीक दळले आहे ह्यांवरही बरेच अवलंबून असते, ही आजची समज तेव्हा कोणापाशी नव्हती.

ह्या इतिहासाचे सर्वांत काळेकुट्ट पर्व १९१४ नंतरचे आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन ह्यांनी उपासमारीचा आहार शास्त्रीय काटेकोरपणे लागू केला. साखर थांबेपर्यंत उपास, मग मोजून मापून थोडे अन्न, पुन्हा साखर दिसली की पुन्हा उपास. भाज्या तीनदा उकळून, पाणी फेकून, त्यांतील कर्बोदके काढून दिल्या जात. आणि पाव? त्याच्या जागी धुतलेल्या कोंड्याचे केक होते. त्यांतून पोषण जवळपास काहीच मिळत नसे; दातांना चावायला आणि पोटाला भरल्यासारखे वाटायला काहीतरी हवे, एवढाच त्यांचा उद्देश. कॅम्पलिनच्या केकमध्ये लोणी आणि अंडी तरी होती. येथे पीठ त्याच्या अखेरच्या टोकाला पोहोचले. पिष्ट गेले, स्निग्धांश गेला, प्रथिने गेली, आणि हातात पावाचा फक्त आकार उरला.

एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हन्स ह्यूज ह्यांची मुलगी. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि ती ॲलन ह्यांच्या देखरेखीखाली ह्या आहारावर राहिली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला बँटिंग ह्यांच्याकडे पोहोचली तेव्हा जवळपास पंधरा वर्षांच्या ह्या मुलीचे वजन वीस किलोच्या आसपास उरले होते. त्याच वर्षी ११ जानेवारीला लिओनार्ड थॉम्पसन ह्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. एलिझाबेथला इन्सुलिन मिळाले, काही आठवड्यांत तिला पुन्हा पाव खाता आला, आणि ती १९८१ पर्यंत जगली. ॲलन ह्यांची उपासमार क्रूर होती ह्यात शंका नाही. पण तीच तिला इन्सुलिनच्या दिवसापर्यंत ओढत घेऊन आली, हेही नाकारता येत नाही.

मराठी वाचकाला ह्या संदर्भात लोकमान्य टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९०८ ते १९१४ ह्या काळात मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक मधुमेहाने ग्रस्त होते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे इन्सुलिनच्या पहिल्या इंजेक्शनच्या दीड वर्ष आधी. त्यांच्या पिढीतील मधुमेह्यापाशी ताटाखेरीज दुसरे साधन नव्हते. पथ्य हा तेव्हा जीवनशैलीचा विषय नव्हता. कित्येकांच्या बाबतीत तोच एक उपचार होता. आज आपण ‘कमी कर्बोदकांचा आहार’ हे शब्द ज्या सहजतेने उच्चारतो, त्यामागे इन्सुलिनने आणि नंतरच्या गोळ्यांनी मिळवून दिलेली निश्चिंती आहे.

इन्सुलिननंतर मधुमेह्यांच्या पिठांचे वैद्यकीय महत्त्व झपाट्याने ओसरले. परंतु तेलबियांच्या पिठाची कथा तेथे संपली नाही. ती उलट्या बाजूने आपल्या देशात सुरू झाली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मधून त्यांविषयी लिहिले. त्यांच्यासमोर रुग्ण होता तो निराळा : ज्याच्या ताटात पिष्ट आहे, पण प्रथिने नाहीत असा गरीब माणूस. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली आणि तिने ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले. त्यात तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग, शिवाय जीवनसत्त्वे व क्षार असत. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे गुरांपुढे टाकण्याची वस्तू. तिच्यातून माणसाचे अन्न काढण्याचा तो उद्योग होता. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, त्यातून उघडकीस आले आणि ह्या सबंध प्रयत्नावर सावट पडले. दमट हवेत साठवलेला शेंगदाणा पारखून घ्यावा, कुबट किंवा काळसर दाणा टाकून द्यावा, ही घरातील शिकवण त्या विषाच्या शोधानंतर अधिकच खरी ठरली.

बदाम काय किंवा शेंगदाणा काय, पीठ एकाच जातीचे. पण एका इतिहासात ते जास्त झालेल्या साखरेवरचा उतारा म्हणून येते आणि दुसऱ्यात कमी पडलेल्या प्रथिनांचा पुरवठा म्हणून. आपल्या समाजात आज हे दोन्ही रुग्ण एकाच वस्तीत राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ही संख्या पाहता, बदामाचे पीठ हे सर्वांचे उत्तर असू शकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत ते पीठ पुण्या-मुंबईच्या दुकानांत परतले आहे. ‘कीटोजेनिक आहार’ हा शब्दप्रयोग १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर ह्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या संदर्भात केला होता. आज त्याचे ‘कीटो’ हे लघुरूप वजन कमी करू इच्छिणाऱ्या कोणाच्याही तोंडी आहे. ह्या पिठाची बाजू नाकारण्याजोगी नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच बदामात सुमारे एकवीस, आणि त्यांतील बारा ग्रॅम तंतूच. प्रथिने ज्वारीच्या जवळपास दुप्पट. पण त्याच बदामात पन्नास ग्रॅम तेल आहे, आणि उष्मांक ज्वारीच्या पावणेदोन पट. साखर चढली नाही म्हणून मनसोक्त खाल्लेले बदामाचे पीठ वजन वाढवायला कमी करत नाही. शिवाय इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने एके दिवशी सकाळी उठून भाकरी-भात बंद केला, तर औषध तेवढेच राहून साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. हा बदल आधी डॉक्टरांशी बोलूनच करायला हवा. आणि ‘कमी कर्बोदकांचे पीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणाच्या पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापले आहे ह्यापेक्षा मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत, पहिले नाव कोणाचे आहे ते वाचावे. कनेटिकटच्या कोष्टकाचा धडा शंभर वर्षांनी शिळा झालेला नाही.

ह्या सर्व प्रवासात आम्हांला जाणवलेली गोष्ट थोडक्यात अशी. बुशार्दापासून ॲलनपर्यंत बहुतेकांनी पिठातून काहीतरी काढले आणि पावाचे नाव तसेच ठेवले, कारण नाव गेले तर रुग्ण पथ्य सोडील अशी त्यांना भीती होती. भीती खरी होती. मराठीत भाकरी हा शब्द उपजीविकेसाठीही वापरला जातो, इतकी ती आपल्या जगण्याशी जोडलेली आहे. आजारी माणसाच्या ताटातून ती उचलली की तो पंक्तीतून उठवल्यासारखा होतो. परंतु नाव टिकवण्यासाठी वस्तू पोकळ करत नेली की धुतलेल्या कोंड्याचा केक हाती येतो. ह्याहून वेगळी वाट मराठी स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे ह्यांना आपण पिठाची जागा कधी दिली नाही. त्यांची चटणी केली, कूट केले आणि ते भाकरीच्या शेजारी ठेवले. भाकरीबरोबर तेल, प्रथिने आणि तंतू पोटात गेले की साखर तुलनेने सावकाश चढते. भाकरीची संख्या मात्र त्यासाठी मोजावी लागते, आणि मोजणे हाच भाग आपण विसरलो.

आत्याबाई सध्या दुपारी ज्वारीची एकच भाकरी खातात. तिच्याबरोबर दोन वाट्या पालेभाजी, एक वाटी उसळ आणि कारळ्याची चटणी असते. साखर किती आहे ते दर तीन महिन्यांनी डॉक्टर पाहतात. बदामाचे पीठ अर्धे शिल्लक होते. त्याची अंडे घालून बिस्किटे केली. चहाबरोबर त्या एखादे मागून घेतात, आणि मागताना त्याला बिस्किटच म्हणतात.